चिपचे पाय आणि भोकांचा बोर्ड

मंडळी, आम्ही सॉफ्टवेअरवाले दिवसभर "कम्पॅटिबिलिटी" नावाच्या भुताशी झटत असतो. जुन्या सिस्टिमला नवं मॉड्यूल जोडायचं आणि दोघांपैकी कोणालाच पत्ता लागू द्यायचा नाही, हा आमचा पोटापाण्याचा धंदा. हार्डवेअरवाले हीच कसरत टपाल तिकिटाएवढ्या एका तुकड्यावर करतात. बाजारात त्याला सरळ "एसएमडी टू डिप कन्व्हर्टर" म्हणतात. आजचा वीकेंड त्याच्या नावे.

आधी थोडा इतिहास. कॉलेजच्या लॅबमध्ये आपण पाहिलेली चिप म्हणजे काळी, लांबट, दोन्ही बाजूंना पाय. गोमच जणू! हिचं नाव डिप, म्हणजे ड्युअल इन-लाइन पॅकेज. जन्म १९६४ च्या सुमाराचा, फेअरचाइल्ड कंपनीतला. शेजारशेजारच्या पायांत अंतर एक दशांश इंच, म्हणजे २.५४ मिलिमीटर. बोर्डाला भोकं पाडायची, पाय आरपार घालायचे, मागून सोल्डर करायचं. ५५५ टायमर, ८०८५, ८०५१... सगळे आपल्याला याच वेषात भेटले.

आता गंमत बघा. आपल्याला वाटतं, आधी भोकात बसणारी चिप आली आणि मग बोर्डाच्या पाठीवर चिकटणारी, म्हणजे सरफेस माउंट. पण पाय वरच्यावर जोडायची "फ्लॅटपॅक" नावाची चपटी चिप डिपच्याही आधीची, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची, १९६२ ची. १९६९ साली माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अपोलोच्या कॉम्प्युटरमध्ये अशाच चपट्या चिप होत्या. मग डिप कशाला? तर फ्लॅटपॅकचे नाजूक पाय जोडणं जिकिरीचं आणि महागडं. डिपचे पाय ताठ. भोकात बसले की चिप हलत नाही, आणि अख्खा बोर्ड वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून नेला की सगळे सांधे एका फटक्यात तयार. थोडक्यात, अंतराळाला चपटी परवडली, कारखान्याला गोम.

१९८० च्या दशकात पारडं फिरलं. चिप उचलून नेमक्या जागी ठेवणारी यंत्रं सर्रास वापरात आली. भोकं पाडायचा खर्च वाचला, बोर्डाच्या दोन्ही बाजू वापरता आल्या. एसओआयसी पॅकेजमध्ये पायांतलं अंतर निम्मं झालं, १.२७ मिलिमीटर. टीएसएसओपीमध्ये ०.६५. क्यूएफएनला तर बाहेर आलेले पायच नाहीत. आज बऱ्याच नव्या चिप डिपमध्ये निघतच नाहीत.

यंत्राची सोय झाली, पण हाताने काम करणाऱ्याचं काय? कामशेत-तळेगावचा डिप्लोमाचा पोरगा लोणावळा लोकलने शिवाजीनगरला उतरून बुधवार पेठेत पार्ट आणायला जातो, तेव्हा त्याच्याकडचा ब्रेडबोर्ड आणि झिरो पीसीबी दोन्ही २.५४ च्या हिशोबाचे असतात. हातात येणारी चिप ०.६५ ची. तसंच छोट्या वर्कशॉपचं. जुन्या मशीनच्या कार्डावरची एक डिप चिप जाते, कंपनीने ती बंद केलेली असते, पण तीच चिप एसएमडीत मिळते. मधला तुकडा मिळाला तर मशीन चालू, नाहीतर चांगलं लोखंड भंगारात.

हा तुकडा करतो काय? घाटातलं उदाहरण घ्या. कर्जतला गाडीच्या मागे जास्तीची इंजिनं लावतात आणि लोणावळ्याला काढतात. गाडी तीच, रूळ तेच, अडलेल्या टप्प्यापुरती मदत. कन्व्हर्टरचंही तसंच. वर बारीक पॅड, कडेला २.५४ च्या पिना, मध्ये तांब्याच्या रेघा. ७४ सिरीजमध्ये एसओआयसी आणि डिप यांचा पिनांचा क्रम सहसा एकच असतो, त्यामुळे काम फक्त पाय फाकवण्याचं. तरी डेटाशीट उघडून खात्री करायचीच.

आणि तुकडा फक्त पाय बदलतो, स्वभाव नाही. ३.३ व्होल्टची चिप ५ व्होल्टच्या कार्डात बसली म्हणून ती ५ व्होल्ट सोसेल असं नाही. वेगवान चिपला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अगदी अंगालगत लागतो, तोही तुकड्यावरच लावलेला बरा. क्यूएफएनच्या पोटाखाली बहुधा एक पॅड असतो, उष्णता बाहेर काढायला. तो जोडला नाही तर चिप तापणार.

एक गोष्ट पाहिलीत का? आज बाजारात मिळणारे सेन्सर मॉड्यूल, ईएसपी३२ चे बोर्ड, हे सगळे याच तुकड्याचे भाऊबंद. वर यंत्राने लावलेली बारीक चिप, कडेला त्याच जुन्या २.५४ च्या पिना. गोम मागे पडली, पण तिच्या पायांतलं अंतर साठ वर्षांनंतरही टिकून आहे.

असो. घरी सोल्डरिंग गन धूळ खात पडली असेल, तर या रविवारी एसओआयसीपासून सुरुवात करा. आठ पायांची घ्या, टोकाचे दोन आधी टाका. ०.६५ च्या वाटेला नंतर जा! :)