आपल्या वाटेवरचा दुष्काळ

आषाढीची वाट आमची दिंडी शंभर वर्षे चालते आहे. या वाटेवरची एक गोष्ट प्रत्येक वारकऱ्याच्या ओळखीची आहे. दिवेघाट चढून वर आलो की वारा सुटतो, पताका आवरत नाहीत. काळे ढग डोक्यावरून धावतात, तेही आपल्यासारखेच पूर्वेला निघालेले. पण बरसत नाहीत. जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण करत पुढं जावं तसा पायाखालचा फुफाटा वाढत जातो.

याचं कारण सह्याद्री. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा डोंगराला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि तिथंच रिता होतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेला उतरताना तोच वारा तापून कोरडा होतो. फलटण, माण, माळशिरस या पट्ट्याच्या वाट्याला पाचशेच्या आसपासच येतो. हा पर्जन्यछायेचा मुलूख.

मग आपल्याकडं पिकतं कशावर? जुनी माणसं सांगत, मृगावर पेरा, पण भरवसा उत्तरा-हस्तावर ठेवा. त्यात खरं शास्त्र आहे. सप्टेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागराकडून पाऊस येतो. त्याच्या वाटेत सह्याद्रीची भिंत नाही. त्याच ओलीवर शाळू उभा राहतो. म्हणून आपल्या भागाचा दुष्काळ आषाढात ठरत नाही. हस्त कोरडा गेला की ठरतो. एक वर्ष गेलं तर कणगीतलं धान्य तारतं. लागोपाठ दोन गेली की माणूस गाव सोडतो.

हे आजचं नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी भुकेल्यांसाठी सरकारी कोठारं उघडली, ती कथा याच पट्ट्यातली. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ तुकोबारायांच्या घरात शिरला. त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. १८७६ ला पाऊस फिरला तेव्हा सोलापूरकडची गावं ओस पडली. १८७७ आणि १९७२ या दोन्ही वर्षी प्रशांत महासागराचं पाणी फार तापलं होतं. त्याला एल निनो म्हणतात. तेव्हा आपल्याकडचा मोसमी वारा दुबळा पडू शकतो. दर वेळी पडतोच असं नाही. १९९७ ला एल निनो मोठा होता, तरी देशाचा पाऊस बरा झाला.

१९७२ आमच्यातल्या म्हाताऱ्यांना अजून लख्ख आठवतं. आदल्या वर्षीही पाऊस ओढलेलाच होता. बायाबापड्या खडी फोडायला गेल्या, पाझर तलावाची माती वाहिली, सुकडी खाल्ली, तांबडा मिलो दळला. त्याच काळात वि. स. पागे यांच्या विचारातली रोजगार हमी उभी राहिली. १९७७ ला तिचा कायदा झाला. धान्य नव्हतं, पण विहिरीच्या तळाला पाणी होतं, असं ती माणसं सांगतात. आज धान्य आहे, पाणी नाही. दिंडीच्या जुन्या वह्यांत तेल, डाळ, पीठ यांचा खर्च सापडतो, पाण्याचा नाही. आता टँकरचा खर्च वेगळा मांडावा लागतो.

यात ढगांचा दोष किती आणि आपला किती? माउलींच्या पादुकांना स्नान घडतं ती नीरा भोरच्या डोंगरातून येते. चंद्रभागेचं पाणी भीमाशंकरच्या पावसाचं. म्हणजे आपण कोरड्या मुलखात राहतो आणि डोंगराच्या पावसावर जगतो. १८७६ च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा निघाला, १८८५ ला सुरू झाला. उजवा पुढं विसाव्या शतकात आला. कालव्याखाली ऊस उभा राहिला, आणि कालव्याबाहेरच्या गावांनी बोअर खोल खोल नेले. पावसाचा हिशोब तोच, उपसा मात्र वाढला.

सह्याद्री हलवता येणार नाही, हस्ताला हुकूम करता येणार नाही. पण बहात्तरला आपल्याच माणसांनी डोक्यावर माती वाहून बांधलेले पाझर तलाव आज गाळानं भरलेत. तो गाळ काढणं आपल्या हातात आहे. शंभराव्या वर्षी वारीहून परतल्यावर आम्ही टाळ खुंटीला अडकवून आपल्या गावच्या तलावापासून सुरुवात करणार आहोत, हस्ताच्या आधी.