खलाशांचे ग्रॉग

घरच्या घरी ‘सागरी’ कॉकटेल करायचे म्हटले की निळ्या क्युरासोची बाटली पुढे येते. ही निळाई अलीकडची. हॅरी यी यांनी होनोलुलूत ‘ब्लू हवाई’ रचले ते १९५७ साली. प्रत्यक्ष जहाजावर जन्मलेले पेय मात्र तपकिरी होते.

ब्रिटिश खलाशाला रोज अर्धा पाइंट निखळ रम मिळे. त्यातून होणाऱ्या झिंगेला आवर घालण्यासाठी वेस्ट इंडीजमधील नौदलप्रमुख एडवर्ड व्हर्नन यांनी २१ ऑगस्ट १७४० रोजी हुकूम काढला: एका रमला चार पाणी, मिश्रण डेकवर अधिकाऱ्यासमक्ष, वाटप दिवसातून दोनदा. ग्रोग्रॅम कापडाचा झगा वापरणाऱ्या व्हर्नन यांना खलाशी ‘ओल्ड ग्रॉग’ म्हणत. पेयालाही तेच नाव चिकटले.

आणि लिंबू-साखर? ती सरकारी नव्हती. शिध्यातले खारे मांस व पाव वाचवून त्याच्या मोबदल्यात ज्याने त्याने घ्यावी, एवढीच मुभा. नौदलाने लिंबाचा रस नियमित पुरवायचे ठरवले ते १७९५ साली. तोवर स्कर्व्हीने माणसे मरत राहिली. रमचा शिधा मात्र ३१ जुलै १९७० पर्यंत टिकला.

घरी करायचे तर एक भाग गडद रम, चार भाग गार पाणी, अर्ध्या लिंबाचा रस, चमचाभर साखर. बर्फ हवा तर घाला. व्हर्नन यांच्या जहाजावर तो नव्हता.