पहिल्याच रिमझिमीत वीज का जाते? इन्सुलेटर धुण्याचे गणित

जूनची पहिली रिमझिम सुरू होते आणि कल्याण-डोंबिवलीत कुठे ना कुठे वीज जाते. झाड पडलेले नसते, तारही तुटलेली नसते. अशा वेळी दोष बऱ्याचदा इन्सुलेटरवर साचलेल्या थराचा असतो.

इन्सुलेटर काय करतो?
तार आणि खांब यांच्यामध्ये बसवलेल्या चिनी मातीच्या वाट्या म्हणजे इन्सुलेटर. त्यांच्यामुळे वीज खांबात उतरत नाही. त्यांच्या कडा छत्रीसारख्या पसरट असतात, म्हणजे विजेला पृष्ठभागावरून जास्त अंतर कापावे लागते.

बिघडते कुठे?
नोव्हेंबर ते मे या काळात पाऊस जवळपास नसतो. रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ, एमआयडीसीतील धूर आणि खाडीकडचा खारा वारा यांचा थर वाट्यांवर बसत जातो. कोरडा असेपर्यंत तो फारसा त्रास देत नाही. दव, धुके किंवा रिमझिमीने ओला झाला की त्यातले क्षार विरघळतात, पृष्ठभागावरून वीज झिरपते आणि ठिणग्या उडतात. ठिणगी तारेपासून खांबाच्या लोखंडापर्यंत पोहोचली की 'फ्लॅशओव्हर' होतो आणि फीडर बंद पडतो. मुसळधार पाऊस उलट थर धुऊन नेतो, फक्त वाटीखालच्या खाचांत घाण उरते.

थर मोजतात कसा?
इन्सुलेटर शुद्ध पाण्याने पुसून त्या पाण्याची वीजवाहकता तपासतात. त्यावरून दर चौरस सेंटीमीटरला किती मिलिग्रॅम मीठ बसले, याचा हिशोब निघतो. १९८६ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार कमी प्रदूषणात दर केव्हीला १६ मिमी, तर अतिप्रदूषित भागात ३१ मिमी पृष्ठभाग-अंतर लागते. २२ केव्ही वाहिनीचा कमाल दाब २४ केव्ही धरला, तर हे अंतर ३८४ वरून ७४४ मिमीवर जाते.

नियोजन कसे असावे?
सगळ्या खांबांना एकच तारीख लावून भागत नाही. खाडीकाठ, कारखाने आणि वर्दळीचे रस्ते यांच्याजवळ काही नमुना इन्सुलेटर ठरवून थर वेळोवेळी मोजावा. तो जिथे लवकर वाढतो, तिथली सफाई हिवाळ्यातल्या धुक्याआधी आणि पुन्हा मेमध्ये करावी. तडा गेलेल्या वाट्या त्याच वेळी बदलाव्यात. जिथे थर वारंवार बसतो, तिथे पाणी पसरू न देणारे सिलिकॉनचे इन्सुलेटर सोयीचे ठरतात.

मेमधले काही तासांचे शटडाऊन त्रासदायक वाटते. पण ते टाळले, तर तेच काम भर पावसात, अंधारात, ओल्या खांबावर चढून करावे लागते. खांबावर ठिणग्या दिसल्या, तर लांब राहा आणि १९१२ वर कळवा.