वऱ्हाडातील मानसोपचार : सोय आणि तिची माहिती

उपचाराची सोय असणे आणि ती असल्याचे रुग्णास ठाऊक असणे, या दोन भिन्न गोष्टी होत. वऱ्हाडापुरते पाहिले तर दुसरीकडे फार उशिरा लक्ष गेले, असे दिसते.

नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ साली स्थापन झाले. पुढे १९१२ च्या कायद्यान्वये अशा संस्थेत दाखल होण्याचा प्रमुख मार्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशातून जात असे. अशा व्यवस्थेकडे सामान्य कुटुंब आपण होऊन वळणे कठीणच होते. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने हे उपचार प्राथमिक आरोग्यसेवेत आणण्याचे ठरविले. परंतु आपल्या दुःखास जो आजार मानीत नाही, तो दवाखान्यात आला तरी अंगदुखी किंवा झोप न येणे एवढेच सांगतो.

या दृष्टीने अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘संगथ’ संस्थेने राबविलेला ‘विश्राम’ हा प्रकल्प महत्त्वाचा ठरतो. गावातील कार्यकर्त्यांनी छोट्या बैठका घेऊन मानसिक आजारांची माहिती दिली. प्रशिक्षित समुपदेशकांनी नैराश्यग्रस्तांना आधार दिला. गंभीर रुग्ण मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविले गेले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचार घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तुलनेसाठी वेगळा गट नसल्याने सर्व श्रेय प्रकल्पास देता येत नाही. तथापि एवढी वाढ उपेक्षणीयही नाही.

राज्य शासनाने २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. त्यात अमरावती व अकोला हे दोन्ही जिल्हे होते. आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन विचारपूस करावी, तणावग्रस्तास आरोग्य केंद्राचा मार्ग दाखवावा, अशी ही योजना होती. येथे माहिती रुग्णाची वाट न पाहता त्याच्या उंबरठ्यावर गेली. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ सेवाही उपलब्ध झाली आहे.

मात्र क्रमांक भिंतीवर रंगविला म्हणजे शिक्षण झाले, असे नव्हे. ‘नैराश्य’ हा शब्द पुस्तकी. खेड्यात ‘टेन्शन’ हाच बोलीचा शब्द आहे. ‘विश्राम’च्या गावांतही शेवटी चारांपैकी जवळजवळ तीन रुग्ण उपचाराबाहेरच राहिले. म्हणून या क्षेत्राच्या अभ्यासकाने किती खाटा वाढल्या याबरोबरच किती जणांना आपल्या दुःखाचे नाव व उपचाराचे ठिकाण समजले, याचीही नोंद ठेवणे अगत्याचे आहे.