सावध कोणी राहायचे?

शिरूर किंवा दौंड तालुक्यातील एखाद्या वस्तीवर जायचे झाले, तर पाहुण्याने बांधावरच थांबून हाक द्यायची असते : "कुत्रं धरा हो!" घरातून कोणीतरी बाहेर येते, कुत्र्याला दटावते, आणि मगच पाहुण्याचे पाऊल पुढे पडते. शहरातील बंगल्याच्या फाटकावर पाटी असते : 'कुत्र्यापासून सावध राहा'. कुत्र्याचे काम दोन्हीकडे एकच. परंतु हाक दिली की जबाबदारी मालकाकडे जाते, आणि पाटी लावली की ती पाहुण्याच्या गळ्यात पडते. कुत्रे चावले तर दोष कोणाचा, या प्रश्नाचा आपल्याकडील इतिहास या दोन रीतींमध्ये घुटमळत राहिला आहे, असे आम्हांस वाटते.

महाभारताच्या आदिपर्वात, अगदी आरंभी, एका कुत्र्याचीच तक्रार येते. जनमेजयाच्या यज्ञस्थळी सरमेचा पुत्र येतो आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. त्याने हविर्द्रव्य चाटलेले नसते, त्याकडे पाहिलेलेही नसते. कुत्रा आहे म्हणजे चाटणारच, एवढ्या गृहीतावर शिक्षा झालेली असते. सरमा येऊन अपराध काय, असे विचारते, तेव्हा कोणापाशीच उत्तर नसते. मग ती शाप देते. जातीवरून दोष ठरविण्याविरुद्धचा इतका जुना दावा आमच्या वाचनात दुसरा नाही.

मालकाविषयीचा नियम सापडतो तो याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात. दाढा असलेल्या वा शिंगे असलेल्या जनावराने माणसाला धरले असता सोडविण्याची शक्ती असूनही जो मालक सोडवीत नाही, त्याला पहिल्या प्रतीचा दंड. आणि सापडलेल्याने आक्रोश केला असूनही तो आला नाही, तर दुप्पट. जनावर कोणत्या जातीचे हे स्मृतिकार विचारीत नाहीत. हाक ऐकू आली होती की नाही, हे मात्र विचारतात. बांधावरच्या त्या हाकेला शास्त्राचा आधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. शेतकऱ्याला याज्ञवल्क्याची गरज पडलेली नाही. पण दोघांची दृष्टी एक आहे खरी.

ही परंपरा निष्कलंक होती, असे मात्र कोणी समजू नये. कुत्रे आणि गाढवे हेच चांडाळाचे धन, असे मनुस्मृती सांगते. 'श्वपच' हा शब्द तर माणसाला हिणविण्यासाठी कुत्र्याचाच उपयोग करतो. पंडिताची समदृष्टी सांगताना गीतेलाही कुत्रे आणि श्वपाक शेजारी शेजारीच ठेवावे लागतात. पुढे इंग्रज आले आणि त्यांनी आपल्या गावठी कुत्र्याला 'पराया डॉग' म्हटले. हा शब्द तमिळ देशातील परैयर या जातीच्या नावावरून आलेला. म्हणजे माणसांच्या एका जातीची बदनामी उचलून कुत्र्यांच्या गळ्यात बांधली गेली, आणि ती इतकी घट्ट बसली की तिचे संक्षिप्त रूप 'पाय-डॉग' आपणही निर्विकारपणे वापरतो. अरुण कोलटकरांनी 'काळा घोडा पोएम्स' (२००४) मध्ये या पाय-डॉगलाच बोलते केले आणि त्याला वंशावळ सांगायला लावली : एका बाजूने सर बार्टल फ्रिअरने मुंबईत आणविलेल्या शिकारी कुत्र्यांपर्यंत, दुसरीकडून युधिष्ठिरामागे गेलेल्या कुत्र्यापर्यंत. कुलीनतेची यापेक्षा सभ्य टिंगल क्वचितच झाली असेल.

कंपनी सरकारने मात्र टिंगल केली नाही, बक्षीस लावले. मुंबईत बेवारशी कुत्री मारणाऱ्यास दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. त्या लोभाने पाळलेली कुत्रीही मारली जाऊ लागली, आणि १८३२ च्या जूनमध्ये पारशी समाजाने दंगा आणि हरताळ करून शहर ठप्प केले. पुढे १८६० च्या दंडसंहितेत २८९ वे कलम आले, ते पुन्हा मालकाकडे वळले : ताब्यातील जनावरापासून माणसाला संभवणाऱ्या धोक्याचा बंदोबस्त न करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे २९१ वे कलम तेच सांगते. दंड तेवढा पाच हजारांपर्यंत गेला.

त्याच वर्षी, १२ मार्च २०२४ रोजी, केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून तेवीस जातींच्या कुत्र्यांची विक्री आणि पैदास थांबविण्यास सांगितले. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते पत्र रद्द ठरविले, हा भाग निराळा. आमचे लक्ष वेधले ते यादीने. पिटबुल आणि रॉटवायलर तिच्यात आहेत, ते अपेक्षितच होते. पण कंगाल, अकबाश, कॉकेशियन शेफर्ड, शारप्लानिनात्स हीही नावे आहेत. ही सारी मेंढ्या राखणारी कुत्री. शिरूर-दौंडच्या माळांवर धनगराचा वाडा उतरतो, जाळीची वाघर लावून कोकरे आत घेतली जातात, तेव्हा लांडग्यावर धावून जाणारे कुत्रे नेमके हेच काम करते. रात्री अनोळखी माणसावर ते भुंकले नाही, तर मालकाला ते नको असते. मात्र त्याच्या जातीला कागदोपत्री नाव नाही, म्हणून ते कोणत्याच यादीत जात नाही. ख्याती असो की कुख्याती, नाव असलेल्यालाच मिळते. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला; कुत्र्यांच्या वागण्यातील फरकांपैकी जेमतेम नऊ टक्के जातीवरून सांगता येतात, असे त्यात आढळले. बाकीच्यात वाढविणे, बांधणे, उपाशी ठेवणे, माणसांत नेणे किंवा न नेणे या गोष्टी येतात, आणि त्या मालकाच्या हातच्या आहेत.

या दोन तालुक्यांत मात्र मालकाचे काम अलीकडे अवघड झाले आहे. कालव्यांचे पाणी आले, ऊस वाढला, उसात बिबट्या राहू लागला. शेजारच्या जिल्ह्यात अकोले येथे झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. मग कुत्रे मोकळे सोडले तर दूध घालायला आलेल्या पोराला ते चावेल, आणि साखळीला बांधले तर पळता न येता बिबट्याच्या तोंडी जाईल. सावध ठेवण्यासाठी पाळलेले जनावर बिबट्याला दारापर्यंत आणते, ही आणखी एक पंचाईत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लागोपाठ माणसे दगावली. त्यानंतर शेतावर जाणाऱ्या माणसांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत आली. बिबट्याच्या मुलखात असे पट्टे मेंढपाळ आजवर कुत्र्याच्या गळ्यात बांधत असत.