‘अबॉलिशन’ म्हणजे काय?

जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाले. त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना उद्देशून आहे. निग्रो गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जो त्याग केला, त्याबद्दल आदर म्हणून. पुण्यात बसलेल्या माणसाला इतक्या दूरच्या ज्या चळवळीचे मोल कळले, तिच्यातली माणसे कोण होती हे शोधताना मी फ्रेडरिक डग्लस यांच्या आत्मचरित्रापर्यंत पोचलो. अर्पणपत्रिकेत त्यांचे नाव नाही. शोध चळवळीचा होता, पण मी अडकलो तो एका शब्दाच्या हकिकतीत.

अडकण्याचे कारण खासगी आहे. माझे इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आणि एका जाडजूड शब्दकोशावर पोसलेले. रोज वीस शब्द वहीत उतरवायचे, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, अशा अकरा वह्या मी भरल्या. त्यांतले बहुतेक शब्द आज माझ्या उपयोगाचे नाहीत. अर्थ पाठ होता, पण शब्द कुठे राहतो, कोणाच्या तोंडी शोभतो, हे ठाऊक नव्हते. डग्लसचे पुस्तक वाचताना त्या वह्या सारख्या आठवत होत्या.

डग्लसचा जन्म मेरीलँडमध्ये १८१८च्या सुमारास गुलाम म्हणूनच झाला. १८२६ साली त्याला बाल्टिमोर शहरात ह्यू ऑल्ड यांच्या घरी, त्यांच्या लहान मुलाला सांभाळायला पाठवले. घरच्या बाई सोफिया ऑल्ड यांनी यापूर्वी गुलाम बाळगला नव्हता. त्यांनी कौतुकाने मुळाक्षरे शिकवली, तीन-चार अक्षरी शब्दांपर्यंत गाडी आली, आणि ह्यू ऑल्डला ते कळले. गुलामाला वाचायला शिकवणे बेकायदा आहे आणि वाचता आले की तो गुलाम म्हणून निकामी होतो, असे त्याने मुलादेखत बायकोला सुनावले. (दक्षिण कॅरोलिनात गुलामाला लिहायला शिकवणे १७४०पासून गुन्हा होता, मेरीलँडमध्ये मात्र तसा कायदा नव्हता. मालकाचा शब्द हाच कायदा, असा तो मामला.) डग्लस लिहितात की, त्या दिवशी गोऱ्याची सत्ता कशावर उभी आहे ते आपल्याला कळले. शिकवणी बंद झाली, पण शिकायचे काय ते समजले होते.

मग सुरू झाली देवाणघेवाण. त्या घरात पोळीभाकरीचा तुटवडा नव्हता. आजूबाजूची गरीब गोरी मुले उपाशी असत. हा कामावर निघताना खिशात पाव आणि पुस्तक घेई, पाव पोरांना देई आणि बदल्यात धडा घेई. पुढे त्यांतल्या कोणाचेही नाव त्यांनी छापले नाही. गुलामाला शिकवल्याचा ठपका त्यांच्यावर येईल म्हणून. लिहायला शिकला तो जहाजांच्या गोदीत. सुतार लाकडाच्या तुळयांवर खुणेची अक्षरे घालत: डावी बाजू, उजवी बाजू, पुढचा भाग, मागचा भाग. त्यातून चार अक्षरे हाती आली. पुढची अक्षरे शाळकरी पोरांशी पैजा लावून मिळवली. पाटी म्हणजे कुंपण, विटांची भिंत आणि फरसबंदी. लेखणी म्हणजे खडू.

याच काळात मोठ्यांच्या बोलण्यात एक शब्द वारंवार त्याच्या कानी पडे: ‘अबॉलिशन’. गुलाम पळून गेला, कोणी मालकाला मारले, कुठे कोठाराला आग लागली की बोलणारे म्हणत, हे अबॉलिशनचे फळ. शब्द उच्चारताना लोकांचा आवाज बदलतो हे पोराने हेरले होते. म्हणजे त्यात आपल्याशी संबंधित काहीतरी असणार. त्याने शब्दकोश पाहिला. तिथे अर्थ दिला होता: नाहीसे करण्याची क्रिया. पण काय नाहीसे करायचे? कोशाचा अर्थ चुकीचा नव्हता, फक्त पोराला जे हवे ते त्यात नव्हते. विचारायची सोय नव्हती. हा शब्द तोंडातून काढणेच धोक्याचे.

उत्तर मिळाले ते शहरातल्या एका वर्तमानपत्रात. उत्तरेकडच्या लोकांनी काँग्रेसकडे अर्ज पाठवले होते: राजधानीच्या प्रदेशातली गुलामगिरी आणि राज्याराज्यांतला गुलामांचा व्यापार बंद करा. अर्जाच्या बातमीत तो शब्द होता. तिथे त्याला कर्ता होता, कर्म होते, विरोधक होते. त्यानंतर हा शब्द जवळपास कोणी उच्चारला की तो कान टवकारून ऐके. मराठीत आपण याला निर्मूलन, उच्चाटन असे म्हणतो. मी शब्द पाठ केला त्या वहीत समोर ‘रद्द करणे’ एवढेच होते. बरोबरच होते. तरीही हे प्रकरण वाचेपर्यंत तो शब्द मला आला, असे म्हणणे खोटे ठरेल.

बारा-तेरा वर्षांचा असताना साठवलेल्या पन्नास सेंटमध्ये त्याने एक पुस्तक विकत घेतले, ‘द कोलंबियन ओरेटर’. केलेब बिंगहॅम यांनी वक्तृत्व शिकणाऱ्या शाळकरी मुलांसाठी केलेला हा संग्रह, पहिली आवृत्ती १७९७ची. त्यात एक संवाद आहे: तिसऱ्यांदा पळून पकडला गेलेला गुलाम आणि त्याचा मालक. मालक गुलामगिरीची बाजू मांडतो, गुलाम एकेक मुद्दा खोडतो, आणि अखेर मालक त्याला मुक्त करतो. पोराने तो पुन्हा पुन्हा वाचला. डग्लस यांचे म्हणणे असे की, मनात चमकून विझणाऱ्या विचारांना त्या वाचनाने वाचा मिळाली. मला हे वाक्य शब्दसंग्रहाच्या साऱ्या चर्चेत महत्त्वाचे वाटते. विचार आधी होता. शब्द नसल्याने तो टिकत नव्हता.

याची किंमतही ते लपवत नाहीत. जितके वाचले, तितका मालकांचा द्वेष वाढला. दुःख दिसू लागले, पण सुटण्याची शिडी दिसेना. निरक्षर सोबत्यांच्या अज्ञानाचाही त्यांना हेवा वाटला. वाचन म्हणजे शाप, असे त्यांनाही काही काळ वाटले. ‘वाचाल तर वाचाल’ म्हणणाऱ्यांनी हे पान सोडून देऊ नये.

३ सप्टेंबर १८३८ रोजी ते पळाले. न्यू बेडफर्डला ज्याने आसरा दिला, तो तेव्हा वॉल्टर स्कॉटचे काव्य वाचत होता. त्यातल्या पात्रावरून ‘डग्लस’ हे आडनाव त्यानेच सुचवले. १८४१पासून डग्लस गुलामगिरीविरुद्ध सभांत बोलू लागले आणि एक वेगळीच अडचण उभी राहिली. त्यांचे इंग्रजी फार चांगले होते. हा माणूस कधी गुलाम असूच शकत नाही, असे श्रोते म्हणत. चळवळीतल्या मित्रांनी सल्ला दिला, बोलण्यात मळ्यावरची ढब थोडी राहू द्या. चोरून मिळवलेली भाषाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरली होती.

शंका मिटवायला १८४५ साली त्यांनी आत्मचरित्र छापले, मालकांची नावे आणि गावे यांसह. कायद्याने ते अजून कोणाच्यातरी मालकीचे होते, म्हणून पुस्तक निघताच त्यांना आयर्लंड-इंग्लंडला जावे लागले. तिथल्या मित्रांनी १८४६ साली १५० पौंड जमवून त्यांचे स्वातंत्र्य विकत घेतले. पुस्तकाच्या शीर्षकात त्यांचे नाव आहे, त्याखाली ‘एक अमेरिकन गुलाम’, आणि त्याहीखाली, संशय घेणाऱ्यांसाठी, स्वतः लिहिलेले.