हजेरीपटावरचे 240 दिवस

परवा ओळखीतल्या एका पोराने मोबाईलवर जाहिरात दाखवली. उजाड जंगल पुन्हा कसं उभं राहतं, यावर संशोधन करणाऱ्या प्रकल्पाला माणसं हवीत. जून ते ऑक्टोबर, पाच महिने. रोपं मोजायची, उंची लिहायची, मेलेली वेगळी नोंदवायची. स्थानिक झाडं ओळखता यायला हवीत. पोरगा म्हणाला, "दादा, जाऊ का? पण ऑक्टोबरनंतर काय?"

मंडळी, हा 'नंतर काय' फार जुना आहे.

1856 साली डायट्रिच ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशातल्या सागवानी जंगलांवर नेमला गेला. पुढे 1864 मध्ये तोच हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला. सागाच्या नव्या लागवडीसाठी त्याने फिरती शेती करणाऱ्या कारेन लोकांना हाताशी धरलं. त्यांनी डोंगर साफ करायचा, भात पेरायचा आणि भातातच साग लावायचा. भाताची निंदणी झाली की सागाचीही झालीच! या पद्धतीचं नाव टौंग्या. मोबदला जगलेली रोपं मोजून. साग वर आला की माणसं पुढच्या डोंगरावर. आपल्याकडे मेळघाटात वनग्रामं वसवली गेली, त्यामागेही मजूर हाताशी असावा हाच हिशेब होता.

रोपवनाचं काम ज्याने जवळून पाहिलंय त्याला माहीत आहे, ते बारमाही नसतंच. उन्हाळ्यात खड्डे आणि चर, पहिल्या पावसात लागवड, मग निंदणी, मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भरणं, थंडी सरता सरता जाळरेषा. मध्ये रिकामे महिने. आणि कायदा काय मोजायचा? 2025 पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 25-ब प्रमाणे बारा महिन्यांत 240 दिवस भरले तर वर्षाची सलग सेवा धरली जायची. जमिनीखालच्या खाणीत काम करणाऱ्याला 190 दिवस पुरायचे, कारण त्याच्या कामाचं स्वरूप वेगळं आहे हे कायद्याने ओळखलं. पावसावर चालणाऱ्या कामाला अशी सवलत नव्हती.

हे भांडण सुप्रीम कोर्टात गेलं ते आपल्या महाराष्ट्रातूनच. पुण्याच्या तळजाईवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. तिथल्या पाचगाव-पर्वतीच्या उघड्या उतारांवर वनखात्याने झाडं लावली, ती रोजंदारी मजुरांच्या हातांनी. वर्षानुवर्षं काम करूनही ते कागदावर हंगामीच. नगर जिल्ह्यातल्या सामाजिक वनीकरणाचे मजूरही या लढ्यात होते. सरकारचं म्हणणं, वनीकरण हे राज्याचं सार्वभौम काम आहे, उद्योग नव्हे, त्यामुळे कामगार कायदा इथे लागूच नाही. डिसेंबर 1995 मध्ये कोर्टाने ते फेटाळलं. अशी कामं खाजगी संस्थाही करू शकते, मग सार्वभौम कसली? आणि माणसाला वर्षानुवर्षं हंगामी म्हणून राबवणं ही अनुचित कामगार प्रथाच आहे.

दोन महिन्यांच्या आत, 31 जानेवारी 1996 ला शासन निर्णय निघाला. 8,038 रोजंदारी मजूर 'वनमजूर' म्हणून कायम झाले. ही मोठी गोष्ट होती, ती नाकारू नये. पण अट? सलग पाच वर्षं, दर वर्षी 240 दिवस. 2012 मध्ये दुसरा निर्णय आला. त्यात पाच वर्षं तुटक असली तरी चालणार होती. दिवस मात्र तेवढेच, आणि रोजगार हमीवरचं काम धरायचं नाही. आता गावात जंगलाचं काम कधी खात्याच्या पैशातून निघायचं, कधी रोहयोतून. खड्डा तोच, कुदळ तीच, हजेरीपट वेगळा.

त्या वर्षी मी बातमीसाठी एका कार्यालयाच्या ओसरीवर दोन दिवस बसलो होतो. जुने हजेरीपट शोधायला आलेल्यांत या पोराची आजी होती. चांगली दहा-बारा वर्षं रोपवनात राबलेली. बाहेरून अभ्यासक आले की रेंजरसाहेब तिलाच सोबत पाठवायचे, कारण वीतभर रोपाच्या दोन पानांवरून ती धावडा की ऐन ते सांगायची. अभ्यासक त्याचं शास्त्रीय नाव लिहून घ्यायचे. हजेरीपट सापडले तेवढ्यात एकाही वर्षी तिचे 240 दिवस भरले नाहीत. माझी बातमी आतल्या पानावर चार ओळींत गेली. तिचं नाव उपसंपादकाने काढलं, आणि मीही भांडलो नाही.

पोराला मी म्हटलं, जा. काम चांगलं आहे, शिकायला मिळेल, आणि उद्या ते जंगल उभं राहिलं की नाही हे तुझ्याच आकड्यांवरून ठरेल. फक्त दोन गोष्टी कर. पहिली, नेमणुकीचं पत्र लेखी घे. जाहिरातीच्या शेवटी बारीक अक्षरात आहेच, 'नेमणूक निव्वळ तात्पुरती, कायम होण्याचा हक्क सांगता येणार नाही.' दुसरी, एक स्वतःची वही ठेव. रोज तारीख, जागा, काम, कोण सोबत होतं, सगळं लिही.

"आणि झाडं ओळखण्याचं?" तो म्हणाला.

आजी अजून आहे. गुडघे गेलेत, पण नजर शाबूत. रविवारी तिला मोटारसायकलवर बसवून जुन्या रोपवनात नेणार आहे म्हणाला.